पुष्पावतीचं पहिलं सेटिंग

निंबेगावात कुणाचं इंटरनेट बंद पडलं, की पहिला फोन पुष्पावतीला जायचा. तसा हा तिच्या नवऱ्याचा, अमृतचा धंदा. नेवाशाच्या रामहरीशेठच्या कंपनीची फायबर वायर प्रवरेकाठच्या सात गावांत अमृतनंच ओढलेली. पण अमृत दिवसाचा अर्धा वेळ खांबावर असायचा. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात पक्कड. फोन उचलायचा कशानं? म्हणून पाच वर्षांपूर्वी तक्रारीचा नंबर घरी पुष्पावतीकडं आला आणि तिच्याकडंच राहिला.

ती घरापुढच्या ओट्यावर मशीन टाकून साड्यांना पिको-फॉल करायची. फोन कानाला लावून तो खांद्यानं दाबून धरायची आणि पायानं मशीन चालू ठेवायची. "लाल दिवा लागलाय का? मंजी वायर तुटली. त्यानला पाठवते." "लाल न्हाई? मग डबा बंद करून चालू करा, आन धा मिनिटं थांबा. लगीच फोन करू नका." बरीच माणसं धा मिनिटांनी फोन करायची, ती "चालू झालं" सांगायला. कुणी रागानं बोललं तर ती हसून घ्यायची. इंटरनेट गेलेल्या माणसाचा राग तापासारखा असतो, आपोआप उतरतो, असं तिचं म्हणणं होतं.

पुष्पावती मूळची पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये भरून कारखान्यावर. तिथं कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, पलीकडं पत्र्याची साखरशाळा होती. बाई एक, पोरं चाळीस आणि मराठीचं पुस्तक एकच. बाई मोठ्यानं वाचायच्या आणि पोरं ऐकायची. ऐकलेलं दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचं. पुष्पावतीला धडाच्या धडा पाठ व्हायचा, अगदी बाई कुठं खोकल्या होत्या तेही. पुढं सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, निंबेगावात आली. पण एकदा कानावर पडलेलं विसरायचं नाही, ही सवय काही सुटली नाही.

नव्या जोडणीचे राउटर, म्हणजे इंटरनेटचे डबे, अमृत आधी घरी आणायचा. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फजिती नको, म्हणून त्यांची सेटिंग तो इथंच ओट्यावर बसून करायचा. करायचा म्हणजे काय, तर नेवाशाच्या ऑफिसातले करणसर फोनवरून सांगायचे आणि अमृत एका बोटानं दाबायचा. फोन स्पीकरवर असायचा.

"अमृतभाऊ, एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट डॉट एक डॉट एक."

"टाकलं."

"आता वॅनमध्ये जा. तिथं तीन पी वालं निवडा."

"निवडलं."

"युजर टाका. पासवर्ड टाका. व्हिलनचा नंबर एकशे सात. सेव्ह."

पुष्पावतीचे डोळे सुईवर असायचे, पण कान मोकळेच होते. तीन पी म्हणजे काय, वॅन म्हणजे कुठली गाडी, हे तिनं कधी विचारलं नाही. व्हिलनचं मात्र तिला नवल वाटायचं. पिक्चरमधला व्हिलन इंटरनेटात काय करतो, आणि त्याला नंबर कशाला? पण कंपनीच्या गोष्टी कंपनीला ठाऊक, म्हणून ती गप्प राहायची. युजरनेम-पासवर्डचे कागद अमृत हमखास हरवायचा, तेव्हा ते तिनंच तक्रारीच्या वहीत मराठीत उतरवून ठेवायला सुरुवात केली. "एन मोठा, डब्ल्यू मोठा, खालची रेघ, मालन, खालची रेघ, चौदा." अशी सगळ्यांची.

त्या वहीतलं चौदा नंबरचं गिऱ्हाईक म्हणजे मळ्यातल्या मालनबाई. बासष्ट वर्षांच्या. नवरा गेल्यावर पाच एकर डाळिंब एकटीनं सांभाळणाऱ्या. त्यांची मुलगी जया आयर्लंडला नर्स होती. जयाला मुलगी झाली, आणि मालनबाईंनी जाहीर करून टाकलं की बारसं तिकडं होईल तसं इकडंही होईल. मे महिन्यातला एक मंगळवार ठरला. तिकडचे दुपारचे बारा म्हणजे इकडचे साडेचार. बारसं मोठ्या टीव्हीवर दिसणार, पाळणा इकडच्या बाया म्हणणार आणि जया तिकडं बाळाला झोका देणार. पुष्पावतीलाही आवतण होतं.

त्या दिवशी ती घाईघाईनं शेवटच्या साडीचा फॉल लावत होती. सव्वातीन वाजले असतील. फोन वाजला.

"पुष्पे, इंटरनेट मेलं गं!"

आवाज मालनबाईंचा, पण मागं वारा घोंघावत होता.

"मावशी, कुठनं बोलताय?"

"पान्याच्या टाकीवर चढलेय. मळ्यात दुसरीकडं कुठं रेंज येती? नवी साडी नेसून चढलेय बघ शिडीनं."

"आदी खाली उतरा तुमी!"

"उतरले तर फोन कट व्हईल की. तू सांग लवकर."

पुष्पावतीनं मशीन थांबवलं. "लाल दिवा लागलाय का?"

"लाल न्हाई. दोन हिरवे हायेत. इंटरनेटचा तेवढा इजलाय."

म्हणजे वायर शाबूत होती. पुष्पावतीनं जरा विचार केला. "मावशी, तुमी डब्याला काय केलं का?"

मालनबाई हळूच म्हणाल्या, "पुसला."

"पुसला, आन?"

"पाव्हनी येनार म्हून सगळंच पुसत हुते. डब्याला मागं बारीक भोक हाय ना, त्यात धूळ बसल्याली. मग ती दाभनानं काढली. जरा दाबून धरलं, तर सगळेच दिवे एकदम लागले नि इजले."

पुष्पावतीनं कपाळावर हात मारला, पण आवाजात काही येऊ दिलं नाही. त्या भोकात रिसेटचं बटण असतं, आणि ते दाबून धरलं की डबा सगळं विसरून कोरा होतो, हे तिनं अमृतच्या तोंडून कितीदा ऐकलेलं.

"काय बिघडलंय का गं?"

"काय न्हाई. तुमी सावकाश खाली उतरा. मी बघते."

तिनं अमृतला फोन लावला. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं दोन गावं पलीकडं केबल तोडली होती आणि अमृत सकाळपासून तिथं अडकलेला.

"रिसेट मारलं तिनं?" तो खांबावरूनच ओरडला. "अगं, आता पुरी सेटिंग करावी लागंल. मला सहा वाजेस्तवर इथनं हलता येत न्हाई. तीन गावं बंद हायेत. करनला लाव."

करणसरांचं लग्न होतं. त्याच दिवशी, राहात्याला. फोन कुण्या बाईनं उचलला. मागं बँड दणाणत होता.

"नवरदेव फोटोला हुभा हाय," ती बाई म्हणाली. "काय काम हुतं?"

"इंटरनेटची सेटिंग इचारायची हुती."

"अगं बाई, लग्नात कुनी इंटरनेट इचारतं व्हय!" आणि फोन बंद.

रामहरीशेठचा फोन नुसताच वाजत राहिला. सगळं ऑफिस त्याच मांडवात असणार. पुष्पावतीनं घड्याळ पाहिलं. तीन पंचवीस. परत अमृतला फोन.

"कुनी उचलत न्हाई. मीच जाते."

"तू? तुला जमंल का?"

"तुमी सेटिंग करता तवा पाच वर्सं कोन ऐकत बसलंय?"

"डेटा बंद कर फोनचा," अमृत म्हणाला, "न्हाईतर सेटिंगचं पान उघडत न्हाई."

"ते बी ऐकलंय," पुष्पावती म्हणाली. तिनं वही पिशवीत टाकली, स्कुटी काढली आणि मळ्याकडं निघाली. वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण साडी नेसलीच नाही. सगळ्या बाया नटून आलेल्या असणार आणि आपण दोऱ्यांचे तुकडे चिकटलेल्या गाऊनवर. पण आता मागं फिरायला वेळ नव्हता.

मालनबाईंच्या पडवीत तीस-पस्तीस बाया बसल्या होत्या. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा मधोमध टांगलेला. बाळ आयर्लंडात असल्यामुळं पाळण्यात नुसताच वरवंटा होता, पण त्याला कुंची घालून, तीट लावून असं निजवलं होतं की लांबून पाहणाऱ्याला खरंच वाटावं. घुगऱ्यांची परात भरून तयार होती. भिंतीवरच्या टीव्हीवर मात्र एक गोल चकती गरगर फिरत होती.

"आला का अमृत?" पाळण्याजवळच्या गोजरबाईंनी विचारलं. गावातल्या सगळ्या बारशांत पाळणा म्हणायचा मान त्यांचा.

"त्ये न्हाई. मीच आलेय."

"तू? तू तर शिवनकाम करतीस."

"आज हे करते," पुष्पावती म्हणाली आणि खुर्चीवर चढून तिनं राउटर खाली काढला.

डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं होती. तिनं फोननं फोटो काढून तो मोठा केला. कोऱ्या झालेल्या डब्याचं मूळ नाव आणि मूळ पासवर्ड तिथंच लिहिलेला असतो, हे करणसर प्रत्येक वेळी सांगायचे. तिनं एकेक अक्षर बघून टाकलं. फोन जोडला गेला आणि लगेच वर पाटी आली, की या वायफायला इंटरनेट नाही.

"म्हाईत हाय रे बाबा," ती फोनला म्हणाली. "त्यासाठीच आलेय."

बाया हसल्या. तिलाही जरा धीर आला. तिनं तो नंबर टाकला, एकशे ब्याण्णवपासून एकपर्यंत. तो तिला पाढ्यासारखा पाठ होता. पाच वर्षं ज्या पानाचं नुसतं वर्णन ऐकलं ते आता उघडणार, आणि ते केवढं मोठं, केवढं अवघड असेल कुणास ठाऊक.

पान उघडलं. निळी पट्टी, खाली चौकटी. नाव लिहा, पासवर्ड लिहा, यातलं एक निवडा, जतन करा. पुष्पावती बघतच राहिली. हे तर रेशनकार्डाच्या अर्जासारखं निघालं! असले अर्ज तर तिनं गल्लीतल्या निम्म्या बायांना भरून दिले होते. अमृत या पानाला एवढा का घाबरायचा, हे तिला कळेना.

इंग्रजी तिला अक्षर लावून वाचता येत होतं. डब्ल्यू, ए, एन. वॅन. दाबलं. पुढं एक यादी उघडली आणि त्यात दुसऱ्या ओळीवर एकापुढं एक तीन पी उभे. "हायेत की तीन पी!" ती मोठ्यानं म्हणाली. मालनबाईंनी आदरानं मान हलवली. वहीतून चौदा नंबरचं नाव काढलं, मोठी अक्षरं मोठी, बारीक बारीक, खालची रेघ दोनदा. पासवर्ड टाकला. सेव्ह.

पान गोल फिरलं आणि थांबलं. सगळ्या बाया डब्याकडं टक लावून बसल्या.

इंटरनेटचा दिवा लागला नाही.

पाच मिनिटं गेली तरी नाही. चार वाजून पाच झाले. मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझीच चूक झाली. मला कुनी सांगितलं हुतं पुसायला? पोरगी तिकडं वाट बघत आसंल."

"मावशी, रडू नका. बारशाच्या दिवशी रडत्यात व्हय?" पुष्पावती म्हणाली खरी, पण तिलाच शंका आली. सेटिंगमध्ये हात घालून आपण डबा अजून बिघडवला तर नाही? तिनं नाव पुन्हा तपासलं. बरोबर होतं. मग तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. साखरशाळेत धडा मध्येच अडला की ती हेच करायची, पहिल्या ओळीपासून बाईंचा आवाज पुन्हा ऐकायची. आता तिनं करणसरांचा आवाज पहिल्यापासून ऐकला. एकशे ब्याण्णव. वॅनमध्ये जा. तीन पी. युजर टाका. पासवर्ड टाका. व्हिलनचा नंबर...

तिनं डोळे उघडले. "व्हिलन ऱ्हायला!"

"कोन ऱ्हायला?" गोजरबाई दचकल्या.

"व्हिलन. त्याचा नंबर टाकायचा ऱ्हायला."

आता हा व्हिलन शोधायचा कुठं? ती बोट सरकवत पानभर फिरली. व्हिलनचं स्पेलिंग कसं असतं, तेही नक्की ठाऊक नव्हतं. व्ही तर असणारच. व्ही कुठं दिसतोय? पान खाली सरकवत गेली, आणि पासवर्डच्याही खाली, एका छोट्या चौकटीशेजारी सापडला. व्ही, एल, ए, एन. तिनं अक्षरं जोडली. व्ही-लॅन. पुन्हा जोडली. मग तिला असं हसू फुटलं की फोन हातातून पडता पडता राहिला.

"काय झालं गं?" मालनबाई घाबरल्या.

"मावशी, पाच वर्सं मी ह्याला पिक्चरमधला व्हिलन समजत हुते!"

ती काय म्हणतेय ते कुणालाच नीट कळलं नाही, पण ती ज्या तऱ्हेनं हसत होती ते पाहून सगळी पडवी हसायला लागली. हसतच तिनं चौकटीत खूण केली, एकशे सात लिहिलं आणि सेव्ह दाबलं.

दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. मग हिरवा होऊन स्थिर राहिला.

बायांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी घुगऱ्यांची मूठ पुष्पावतीच्या तोंडातच कोंबली. पण टीव्हीवरची चकती अजून फिरतच होती. "टीव्हीवर कुठं आलं?" गोजरबाईंनी विचारलं. पुष्पावती घास चावता चावता विचारात पडली. मग तिच्या लक्षात आलं. टीव्ही जुन्या वायफायचं नाव शोधत असणार, आणि डबा आता आपलं मूळचं नाव सांगतोय.

"मावशी, तुमच्या वायफायचं नाव काय हुतं?"

"जयानं ठिवलं हुतं. 'जयाचं माहेर'. इंग्रजीत."

"आन पासवर्ड?"

मालनबाईंनी तिच्या कानाला लागून पासवर्ड सांगितला. एवढ्या बायांत मोठ्यानं कसा सांगायचा? पुष्पावतीनं नाव तसंच टाकलं, पासवर्ड तसाच टाकला. चकती थांबली आणि चार वाजून बावीस मिनिटांनी टीव्हीवर जया दिसली. हिरव्या साडीत, नाकात नथ, मांडीवर लाल कुंचीतलं गाठोडं.

"आई! कधीपास्नं लावतेय! कुठं होता सगळे?"

"इथंच हुतो की," मालनबाई म्हणाल्या. दाभणाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि बाकीच्याही कुणी काढला नाही.

गोजरबाईंनी घसा खाकरून पाळणा सुरू केला. इकडं वरवंटा झुलत होता, तिकडं बाळ. आवाज तिकडं पोचायला जरा उशीर होत होता, त्यामुळं जयाचा झोका नेहमी अर्धी ओळ मागं राहायचा. पण बाळाला त्याचं काही नव्हतं. ते डोळे उघडून पडद्यातून या पस्तीस बायांकडं बघत होतं. आत्या तिकडचीच, जयाच्या नवऱ्याची बहीण. तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं, "प्रवरा!"

पडवीतल्या बायांनी वळून बांधाकडं पाहिलं. मळ्याच्या बांधापलीकडं नदीच होती. मग मालनबाई म्हणाल्या, "आगं माझे बाई," आणि आता मात्र त्यांना मनासारखं रडू दिलं सगळ्यांनी.

सहा वाजता अमृत मातीनं माखून थेट मळ्यात आला. पुष्पावती बायांमध्ये बसून चहा पीत होती. त्यानं आधी डब्यावरचे दिवे पाहिले, मग फोन काढून तिनं भरलेलं पान वरपासून खालपर्यंत तपासलं.

"समदं बरोबर हाय," तो म्हणाला.

"मग? चुकीचं असतं तर चाललं असतं व्हय?"

"तसं न्हाई. मी करतो तवा दोनदा चुकतं."

हे त्यानं सगळ्या बायांसमोर कबूल केलं, म्हणून पुष्पावतीला तो त्या दिवशी फार आवडला.

चौथ्या दिवशी हातावरच्या मेंदीसकट करणसर कामावर आले. लग्नात आलेल्या फोनची हकिगत त्यांनी ऐकली आणि व्हिलनची गोष्ट ऐकून तर खुर्चीत मागं रेलून हसले. मग त्यांनी पुष्पावतीला फोन केला. "वहिनी, एक विचारू? ही सेटिंग तुम्हीच का करत नाही? अमृतभाऊंना खांब आवडतो, माझ्याकडं चाळीस गावं. तुम्ही ऑफिसला या, शेठशी बोलू."

रामहरीशेठनी तिला समोर बसवून एक डबा दिला. तिनं साडेचार मिनिटांत सेटिंग केली. "शिकली कुठं?" त्यांनी विचारलं. "ओट्यावर," ती म्हणाली. शेठना वाटलं, ओटा हे कुठल्यातरी क्लासचं नाव असेल. त्यांनी मान डोलावली आणि तिला कंपनीचा निळा टीशर्ट दिला. तो तिनं घरी येऊन साडीच्या ब्लाऊजवर घालून पाहिला, आरशासमोर हसली, आणि बाह्या दोन बोटं उसवून पुन्हा आपल्या मापाच्या शिवून घेतल्या.

आता सात गावांतली सेटिंग तीच करते. ज्या घरात तरणी पोरं सुप्याच्या कारखान्यात कामाला आणि मागं म्हातारी माणसं, तिथं ती जास्त वेळ बसते. कुठला दिवा कशाचा ते त्यांना दाखवते आणि मागच्या भोकावर चिकटपट्टी लावून येते. बायका तिला आत स्वयंपाकघरापर्यंत घेऊन जातात, त्यामुळं डबा कुठं बसवला तर रेंज कुठपर्यंत जाईल हे अमृतपेक्षा तिला चांगलं कळतं. अमृत आता कुठल्यातरी गच्चीवरून तिला विचारतो, "पुढं काय दाबू?" आणि ती मशीनवरून नजर न काढता सांगते.

परवा पाथर्डीहून तिच्या आईचा, बनुबाईंचा फोन आला. लेक इंटरनेटचं काम करते हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं.

"पुष्पे, खरं सांग," बनुबाई म्हणाल्या. "तू त्या खांबावर-बिंबावर चढत न्हाईस ना?"

"न्हाई गं आई. माझं काम खाली बसून असतंय."

"बघ हां. उगं काळजी नको जिवाला."

"आगं न्हाई म्हनते ना," पुष्पावती म्हणाली, आणि मागच्या आठवड्यात खांबावर चढताना गुडघ्याला जे खरचटलं होतं, त्यावर हळद लावायला लागली.